अमेरिकेची निवडणूक, मुंबईचा कापूस आणि सुरतेचा हिरा
(पलसाणा येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा पाठ)



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्या गुरुवर्यांचा विषय नागरिकशास्त्र होता. शाळेच्या वेळापत्रकात या विषयाला सहसा दिवसाचा शेवटचा तास मिळतो. मुले घंटेकडे कान लावून बसलेली असतात आणि शिक्षकही थकलेले असतात. तरीही त्यांनी तो विषय आयुष्यभर मन लावून शिकविला. म्हणून त्यांच्याच विषयातील एक प्रश्न आज आपल्यापुढे मांडावा असे मी ठरविले. आर्थिक संकट आणि निवडणूक ही दोन्ही एकाच वेळी येऊन ठेपली, म्हणजे पक्षापक्षांतील वाद कोणते रूप घेतो, आणि ज्याला त्या निवडणुकीत मत नाही पण परिणाम मात्र भोगावे लागतात अशा माणसाने तो वाद कसा ऐकावा, हा तो प्रश्न होय. उदाहरण म्हणून मी अमेरिकेतील २००८ सालची अध्यक्षीय निवडणूक घेतली आहे.

पलसाण्यात बसून अमेरिकेच्या निवडणुकीची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर द्यायला फार लांब जावे लागत नाही. या तालुक्यातील आणि शेजारच्या बारडोली, नवसारी भागातील किती घरांतील माणसे अमेरिकेत मोटेल चालवितात, हे आपण जाणताच. सुरतेत घासलेल्या हिऱ्याला सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिकेचे. आणि कडोदऱ्याच्या चौफुलीवरून पूर्वेकडे निघालेला महामार्ग बारडोली, व्यारा, नवापूर करीत धुळ्याला जातो; त्याच वाटेने आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील लूमवर, मिलमध्ये किंवा कोयता घेऊन ऊसतोडीला इकडे आले. त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला जो खानदेश आहे, त्याच्या कापसाचा अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीशी संबंध तर दीडशे वर्षांहून जुना आहे. त्याकडे मी पुढे येईन.

आधी २००८. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात काय घडले ते थोडक्यात सांगतो. घरांच्या किमती वाढतच राहतील या भरवशावर अमेरिकेत वर्षानुवर्षे गृहकर्जे वाटली गेली होती. ज्यांची फेडण्याची ऐपत नव्हती त्यांनाही ती दिली गेली, आणि त्या कर्जांचे गठ्ठे बांधून त्यांवर रोखे काढून ते जगभर विकले गेले. किमती उतरू लागताच ही उतरंड ढासळली. ७ सप्टेंबरला फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जक्षेत्रातील दोन अवाढव्य संस्था सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी ए.आय.जी. या विमा कंपनीला वाचविण्यासाठी ८५ अब्ज डॉलरांचे कर्ज द्यावे लागले. मतदान होते ४ नोव्हेंबरला. म्हणजे संकटाचा कळस आणि प्रचाराचा कळस यांत जेमतेम सात आठवड्यांचे अंतर होते.

लेहमन कोसळली त्याच दिवशी रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी एका सभेत अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत असल्याचे सांगितले, आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा यांनी ते वाक्य लगेच उचलून धरले. पुढे कित्येक दिवस त्या एका वाक्यावरच वाद चालला. लेहमनची देणी किती, ती कोणाला, त्यातून आणखी काय कोसळेल, या प्रश्नांना सभेत टाळी पडत नाही, वाक्याला पडते. २४ सप्टेंबरला मॅकेन यांनी प्रचार स्थगित करीत असल्याचे जाहीर केले आणि २६ तारखेचा वादविवाद पुढे ढकलावा असे सुचविले. २५ तारखेला अध्यक्ष बुश यांनी दोन्ही उमेदवारांना आणि दोन्ही पक्षांच्या नेत्यांना एकत्र बसविले. ती बैठक आरडाओरडीत संपली. त्यानंतर अर्थमंत्री हेन्री पॉलसन यांनी प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांच्यापुढे एक गुडघा टेकून, बोलणी मोडू नका, अशी अर्धी थट्टेची आणि अर्धी खरी विनवणी केली. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राचा अर्थमंत्री गुडघ्यावर बसतो, हे दृश्य मला त्या सर्व काळाचे सार वाटते. असो. वादविवाद ठरल्या दिवशीच झाला.

आता २९ सप्टेंबरचे मतदान पाहा. सातशे अब्ज डॉलरांची मदतयोजना प्रतिनिधिगृहापुढे आली आणि २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळली गेली. डेमोक्रॅटांपैकी १४० जणांनी बाजूने मत दिले, ९५ जणांनी विरोधी. रिपब्लिकनांपैकी ६५ जणांनी बाजूने, १३३ जणांनी विरोधी. योजना रिपब्लिकन अध्यक्षांची, आणि तिला अधिक मते पडली ती विरोधी पक्षाची! न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक त्या एका दिवसात सुमारे ७७८ अंकांनी कोसळला. मतदानानंतर रिपब्लिकन नेत्यांनी सांगितले की, पेलोसी यांनी मतदानापूर्वी पक्षीय भाषण केल्यामुळे आमचे काही सभासद दुखावले. डेमोक्रॅटांनी खवचटपणे विचारले की, कोणाचे मन दुखावले म्हणून देशाला शिक्षा द्यायची काय?

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे, आणि नागरिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती लक्षात घ्यावी. प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागांची निवडणूक त्याच ४ नोव्हेंबरला होती. ज्यांच्या जागा अटीतटीच्या होत्या, त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी योजनेच्या विरोधात मत दिले. मग पक्ष कोणताही असो. म्हणजे त्या दिवशीची खरी रेषा पक्षांमधून नव्हे, तर मतदाराचे भय असलेल्या आणि नसलेल्या सभासदांमधून गेली होती. आणि मतदाराचा राग अनाठायी होता असे तरी कसे म्हणावे? ज्यांनी जुगार खेळला त्यांचे नुकसान आपण का भरायचे, हा त्याचा प्रश्न रास्तच होता. पक्षांनी त्याचे उत्तर देण्याऐवजी त्या रागाची दिशा एकमेकांकडे वळविली. १ ऑक्टोबरला सिनेटने सुधारित योजना ७४ विरुद्ध २५ मतांनी मंजूर केली. तिच्या बाजूने ओबामांनी मत दिले आणि मॅकेन यांनीही. जे दोघे सभांतून एकमेकांवर तुटून पडत होते, ते त्या रात्री एकाच बाजूला उभे होते. ३ ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहानेही २६३ विरुद्ध १७१ मतांनी तिला संमती दिली.

मग वाद कशावर होता? तो होता दोष कोणाचा यावर. रिपब्लिकन पक्षाचे प्रवक्ते म्हणत की, गरीब वस्त्यांतही कर्जे द्या असे बँकांना सांगणारा १९७७ चा कायदा आणि सरकारच्या छत्राखाली वाढलेल्या फॅनी-फ्रेडी या संस्था संकटाच्या मुळाशी आहेत; आणि तो कायदा व त्या संस्था डेमोक्रॅटांची लाडकी बाळे. डेमोक्रॅट म्हणत की, रिपब्लिकनांनी आठ वर्षे सर्व निर्बंध सैल केले आणि बँकांना मोकाट सोडले. १९३३ च्या ग्लास-स्टीगल कायद्याने साधी बँक आणि रोखेबाजारातील पेढी यांच्यामध्ये बांधलेली भिंत १९९९ मध्ये पाडली गेली, तिथेच घात झाला.

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात खऱ्याचा अंश होता, आणि म्हणूनच ते बोलणे फसवे होते. १९९९ च्या कायद्याला ज्यांचे नाव जोडले गेले ते सिनेटर फिल ग्रॅम रिपब्लिकन, २००८ मध्ये काही काळ मॅकेन यांचे आर्थिक सल्लागार. पण त्या कायद्यावर सही केली ती डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटन यांनी. शिवाय लेहमन ही मुळातच निव्वळ रोखेबाजारातील पेढी होती. भिंत उभी राहिली असती तरी ती भिंतीच्या अलीकडेच मेली असती. इकडे १९७७ च्या कायद्याचा विचार करावा, तर चढ्या व्याजाच्या कर्जांपैकी जेमतेम सहा टक्के कर्जांचा त्याच्याशी काही संबंध होता, असे पुढे चौकशीत दिसून आले. फॅनी-फ्रेडी यांनी पुष्कळ पापे केली हे खरेच. पण पडक्या कर्जांच्या बाजारात त्या पुढारी नव्हत्या, इतरांच्या मागून धावत आलेल्या होत्या, असे माझे मत बनले आहे.

अशा वादात आपण कोणती कसोटी लावावी? मला एक साधी कसोटी सुचते. जे कारण सांगितले जात आहे ते, त्या पक्षाचा वारादेखील जिथे पोहोचलेला नाही, अशा ठिकाणी लावून पाहावे. स्पेनमध्ये आणि आयर्लंडमध्ये अमेरिकेचा १९७७ चा कायदा नव्हता आणि फॅनी मेही नव्हती. तरी तेथे घरांच्या किमती तशाच फुगल्या आणि तशाच फुटल्या. ब्रिटनमध्ये बुशही नव्हते आणि रिपब्लिकन पक्षही नव्हता. तेथे मजूर पक्षाचे सरकार होते. तरी २००७ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारांत ठेवीदारांच्या रांगा लागल्या. म्हणजे दोन्ही पक्षांची आवडती कारणे एकटी उभी राहू शकत नाहीत.

पण याहून दूरचे, आणि आपल्याला जवळचे, एक ठिकाण आहे. ते म्हणजे १८६५ सालची मुंबई.

६ नोव्हेंबर १८६० रोजी अब्राहम लिंकन अमेरिकेचे अध्यक्ष निवडून आले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेची राज्ये फुटून निघाली, १८६१ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्ध पेटले, आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांनी हिंदुस्थानकडे हात पसरले. खानदेश, वऱ्हाड, भडोच, सुरत या प्रांतांतील कापसाला कधी न पाहिलेला भाव आला. सावकार एरवी ज्याला दारात उभे करीत नसे, त्या शेतकऱ्यालाही कर्ज देऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुरातून नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांचे शेअर मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. त्या खेळाचे अध्वर्यू प्रेमचंद रायचंद हे सुरतेत जन्मलेले गृहस्थ. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये, ऐन भरतीच्या काळात प्रसिद्ध झाले. पुढची ओहोटी त्या पुस्तकाला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

आता गंमत पाहा, जर तिला गंमत म्हणता येत असेल तर. १८६४ मध्ये अमेरिकेत पुन्हा अध्यक्षीय निवडणूक झाली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या जाहीरनाम्यात युद्ध थांबविण्याची मागणी होती. लिंकन युद्ध शेवटास नेण्याच्या बाजूचे. मुंबईच्या शेअरवाल्याचे हित युद्ध लांबण्यात होते. गुलामगिरी राहो की जावो, भाऊ भावाचा गळा कापो, त्याला घोर होता तो शांततेच्या अफवेचा. कारण अफवेसरशी कापूस उतरे. १८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल ली यांनी शस्त्र खाली ठेवले. तिकडे लढाई थांबल्याचा आनंद होत असताना मुंबईत आकाश कोसळले. १ जुलै १८६५ ही वायद्यांच्या फेडीची तारीख होती. त्या दिवशी कोणीच कोणाचे देणे देऊ शकला नाही. १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बेही या वादळात सापडली आणि १८६८ मध्ये ती बंद करावी लागली.

त्या बँकेची चौकशी झाली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने जी कारणे दिली त्यांत पहिल्या रांगेतले कारण असे, की १८६३ च्या कायद्याने बँकेवरील जुने निर्बंध सैल झाले होते आणि शेअरांच्या तारणावर कर्जे देण्याची वाट मोकळी झाली होती. दुसरे कारण बँकेच्या चिटणिसांचा गैरकारभार, आणि तिसरे संचालकांची बेपर्वाई. सैल केलेला कायदा, फुगत्या किमतीच्या तारणावर दिलेली कर्जे, डोळे मिटून बसलेले रखवालदार. या यादीतील सन पुसून टाकले तर ती १८६८ ची आहे की २००८ ची, हे सांगणे कठीण जाईल. आणि १८६५ च्या मुंबईत डेमोक्रॅट नव्हते, रिपब्लिकन नव्हते, निवडणूकच नव्हती. माझ्या कसोटीला यापेक्षा चांगली भूमी कोणती?

त्या कापसाचे शेपूट मात्र फार लांब होते. भाव उतरले, सावकाराने हात आखडला, सरकारी सारा मात्र वाढला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जखते जाळली आणि हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. त्याचीही चौकशी झाली. सरकारी साऱ्याची मागणी हे दंग्याचे कारण आहे काय, याचा निवाडा करण्याचे काम आयोगाकडे होते. आणि सारा नव्हे, सावकार दोषी, असे आयोगाने सांगितले. सरकारने नेमलेल्या आयोगाने सरकारला निर्दोष ठरविले, एवढेच मी म्हणतो. सावकार साळसूद होता असे कोणी समजू नये.

हाच धागा घेऊन पुन्हा अमेरिकेकडे येऊ. तेथेही २००९ मध्ये दहा सभासदांचा चौकशी आयोग नेमला गेला; सहा सभासद डेमोक्रॅटांनी निवडलेले, चार रिपब्लिकनांनी. लाखो कागदपत्रे पाहून, शेकडो साक्षी घेऊन त्यांनी २०११ च्या जानेवारीत अहवाल दिला. त्या अहवालावर सह्या किती? सहा. उरलेल्या चौघांपैकी तिघांनी एक भिन्नमतपत्रिका जोडली आणि चौथे पीटर वॉलिसन यांनी आपली वेगळी. अहवालातून ‘वॉल स्ट्रीट’सारखे काही शब्दच वगळावेत असा आग्रह चौघांनी धरला होता, असेही त्या वेळी वृत्त आले. एकच पुरावा, एकच टेबल, आणि निष्कर्ष मात्र नेमणूक करणाऱ्याच्या रंगाचे. तरी मी त्या तिघांच्या पत्रिकेचा आदर करतो. कारण वॉलिसन यांनी सर्व दोष सरकारच्या गृहनिर्माण-धोरणावर टाकला, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या या तिघांनी, मग युरोपातही असेच का घडले, हा प्रश्न पुढे केला. पक्षात राहूनही माणूस पक्षाबाहेरचा प्रश्न विचारू शकतो, याचा तो पुरावा आहे; आणि अशी उदाहरणे अमेरिकेतही फार सापडत नाहीत.

आपल्याकडे काय चालले होते तेही पाहू. भारतातील बँका त्या वादळात तरल्या, आणि २००९ ची लोकसभा निवडणूक समोर होती. काँग्रेसने १९६९ च्या बँक-राष्ट्रीयीकरणाचे स्मरण दिले. डाव्या पक्षांनी २००८ च्या जुलैमध्ये अणुकराराच्या प्रश्नावरून पाठिंबा काढून घेतला होता. त्यांनी सांगितले की, विमा आणि निवृत्तिवेतनाचे क्षेत्र परक्या भांडवलाला मोकळे होऊ दिले नाही ते आम्ही. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी यांनी तेजीच्या काळातच बांधकामाच्या कर्जांवर लगाम घातला होता, आणि तेव्हा त्यांना जुनाट विचारांचे म्हटले गेले होते. ते ना उमेदवार होते, ना कोणाचे प्रचारक. म्हणून त्यांचे नाव सभांमध्ये क्वचितच ऐकू आले.

आणि या सर्व श्रेयवादात सुरत कोठेच नव्हती. कारण संकट आपल्याकडे बँकेच्या दाराने आले नाही. ते व्यापाराच्या दाराने आले. अमेरिकेतील गिऱ्हाइकाने अंगठी घेणे थांबविले, न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने माल परत पाठविला किंवा पैसे थकविले, आणि वराछा-कतारगामच्या कारखान्यांतील घंटी थांबली. सुरतेचे कृत्रिम धाग्याचे कापड मुख्यतः देशातच खपते, म्हणून लूमला तेवढा धक्का बसला नाही, हिऱ्याला बसला. २००८ ची दिवाळी २८ ऑक्टोबरला होती, अमेरिकेच्या मतदानाच्या बरोबर एक आठवडा आधी. एरवी लाभपाचमेनंतर कारखाने मुहूर्त करून उघडू लागतात. त्या वर्षी अनेक कारखान्यांची सुट्टी लांबत गेली आणि कित्येक पुन्हा उघडलेच नाहीत. हजारो रत्नकलाकार सौराष्ट्रातील आपल्या गावी परतले. काहींनी आत्महत्या केल्या. मुलांची नावे शाळांतून काढली गेली. शिक्षकांना त्या हिवाळ्यातले हजेरीपट आठवत असतील.

त्या दिवसांत हिऱ्याच्या कामाला लागलेला माझा एक जुना विद्यार्थी मला भेटला. खानदेशातल्या घरातला मुलगा, चार घंट्यांच्या एका लहान कारखान्यात बसत असे. त्याने विचारले, “सर, तिकडे कोण निवडून आलं म्हणजे आमची घंटी चालू होईल?” त्याच्या प्रश्नात वेडेपणा काहीच नव्हता. दूरदर्शनवर रोज रात्री तो तोच वाद ऐकत होता, आणि वाद ऐकून माणसाला असेच वाटते की, उत्तर दोनांपैकी एका माणसापाशी आहे. मी त्याला सांगितले की, बाबा, कोणीही येवो, तिकडच्या माणसाची नोकरी सावरेपर्यंत तो अंगठी घेणार नाही. वर्षभराची तरतूद कर. तो काही काळ एका डाइंग मिलमध्ये लागला. घंट्या पुन्हा फिरू लागल्या त्या २००९ च्या मध्यानंतर, हळूहळू. आणि त्या फिरण्यात अमेरिकेइतकाच चीनमधील आणि आपल्या देशातील गिऱ्हाइकाचाही हात होता.

याचा अर्थ कोण निवडून येतो याला काहीच महत्त्व नाही, असा मात्र कोणी घेऊ नये. तो आळशी माणसाचा निष्कर्ष होईल. १९३२ च्या नोव्हेंबरमध्ये हूव्हर हरले आणि रूझवेल्ट जिंकले. पण त्या काळच्या नियमाप्रमाणे सत्तांतर व्हायचे होते ४ मार्च १९३३ ला. मधल्या चार महिन्यांत जाणारा अध्यक्ष येणाऱ्याला आपल्या धोरणात ओढू पाहत होता आणि येणारा अंग चोरीत होता. दरम्यान एकामागून एक बँका दारे लावीत गेल्या. तो अनुभव अमेरिकेला महाग पडला. सत्तांतराची तारीख २० जानेवारीवर आणणारी घटनादुरुस्ती मात्र त्याच सुमारास संमत झाली होती. म्हणून २००८ मध्ये वाट पाहण्याचा काळ अडीच महिन्यांवर आला. तारीख बदलण्यासारखी ही रूक्ष, टाळ्या न मिळविणारी सुधारणा कोणत्याही भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडली, असे मी मानतो. निवडून आलेल्याची धोरणेही मोजावी लागतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा सुरतेच्या हिरेबाजाराला ते मुकाट्याने सोसावे लागले. तो निर्णय एका निवडून आलेल्या अध्यक्षाचाच होता.

अमेरिकेत राहणारे आपले माजी विद्यार्थीही आज येथे बसले आहेत. त्यांच्यापैकी काहींची मोटेले २००८ मध्ये अर्धी रिकामी होती, हप्ते थकले होते, आणि घरातल्या घरात बाप एका पक्षाचा व मुलगा दुसऱ्या पक्षाचा झाला होता, हे मला त्यांच्याकडूनच कळले आहे. त्यांना मत होते, आपल्याला नव्हते. आज मी जी कारणे मांडली त्यांतील एखादे त्यांच्या अनुभवाला पटत नसेल, तर त्यांनी उठून तसे सांगावे. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे.